सदतिसाव्या पानावरचा शिक्का

महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना सगळे शिक्का सर म्हणत. हे नाव कोणी ठेवलं याचा त्यांनी कधी शोध घेतला नाही, कारण घेतला असता तर ते स्वतःच सापडले असते. वीसेक वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात "मी माणूस नाही, शिक्का आहे, शाई संपली की बदलून टाका" असं जाहीर करून त्यांनीच टाळ्या घेतल्या होत्या. स्वतःची टर उडवण्यात त्यांचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं. टक्कल, दोरी लावलेला चष्मा, फाटक्या पुस्तकांना डिंक लावता लावता बाहीला लागलेला डिंक, आणि हजारो पुस्तकं सांभाळून त्यातली जेमतेम चाळीस वाचलेली असणं, या सगळ्यावर दुसरा कोणी काही बोलायच्या आत ते स्वतःच बोलून मोकळे होत. मग समोरच्याला बोलायला काही उरत नसे. ही सोय त्यांना फार आवडायची.

ग्रंथालय तळमजल्यावर तीन खोल्यांचं. पहिल्या खोलीत पुस्तकं देण्या-घेण्याचं टेबल आणि त्यावर शाईचं पॅड. दुसरीत कपाटं. तिसऱ्या खोलीत विद्यार्थ्यांनी पदवीसाठी लिहिलेले प्रबंध, काळ्या कापडी बांधणीचे, तीनशे चाळीस. या तिसऱ्या खोलीत वर्षातून एकदा वाळवीचं औषध मारणारा माणूस जाई आणि रोज शिक्का सर डबा खायला जात. वाचायला सहसा कोणी जात नसे.

प्रत्येक पुस्तकावर तीन ठिकाणी शिक्का मारायचा, असा नियम होता. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि एका गुप्त पानावर. चोरानं पहिलं आणि शेवटचं पान फाडलं तरी मधलं गुप्त पान त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता येतं. इथलं गुप्त पान होतं सदतिसावं. ते कोणी ठरवलं हे कोणाला माहीत नव्हतं. मात्र सदतिसावं आहे हे झाडूवाल्या मावशींपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. उलट एखाद्या पुस्तकाच्या सदतिसाव्या पानावर शिक्का नसेल तर मुलं तक्रार घेऊन येत.

या पानाचा एक किस्सा होता आणि शिक्का सरांनी तो सांगावा म्हणून कधी कोणाला फार आग्रह करावा लागला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी, प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असताना एक मुलगी धापा टाकत आली. सरांनी, म्हणजे तेव्हाच्या तरण्याबांड सरांनी, आधी पट्टी घेऊन समास मोजला. मग बांधणी उलटसुलट करून पाहिली. मग पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, आणि सदतिसावं पान उघडून हात वर केला.

"अहो, थांबा! तिथं तक्ता आहे!"

"नियम आहे," सर म्हणाले आणि मारला. घाईत तो पुसट उठला. पुसट शिक्का चालत नाही, म्हणून पॅडवर नीट दाबून त्याच जागी दुसऱ्यांदा मारला.

ते पान बदलून मिळेल का, हे विचारायला ती मुलगी तीनदा आली. शिक्का मारलेलं पान काढता येत नाही, असं सरांनी तिन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा चहा पाजून सांगितलं. दीड वर्षानं दोघांचं लग्न झालं. "आणि तेव्हापासून," सर किस्सा संपवताना म्हणत, "रोज सकाळ-संध्याकाळ ती माझ्यावर शिक्का मारते. एक पुसट उठला तर दुसरा!" इथं हशा पिकायचा. पिकायचाच, सरांनी त्यातली थांबायची जागासुद्धा घोटून घोटून पक्की केली होती.

ती मुलगी, म्हणजे त्यांची बायको, पुढे गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली. पुढचं संशोधन करायचं होतं, ते घर आणि नोकरी यांच्या मध्ये कुठेतरी राहून गेलं. प्रबंध तिसऱ्या खोलीत राहिला. प्रत्येक पुस्तकाला मागे एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, पुस्तक कोणी नेलं की त्यावर तारीख पडते. त्या प्रबंधाच्या पट्टीवर सत्तावीस वर्षांत एकही तारीख पडली नव्हती. सरांनी तो झाडला होता, त्याला वाळवीपासून वाचवला होता, पाठीवरचा क्रमांक दोनदा नव्यानं लिहिला होता. उघडून वाचला मात्र नव्हता.

निवृत्तीला सव्वादोन वर्षं असताना वरून पत्र आलं की सगळे प्रबंध स्कॅन करून इंटरनेटवर ठेवा, कोणालाही फुकट वाचता यावेत असे. शिक्का सरांनी मान खाली घालून आठ महिने स्कॅन केलं. निम्म्या पानांच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला. "जगाला कळू दे, ग्रंथपाल अंगठेबहाद्दर आहे," असं ते स्वतःच म्हणाले. अंगठ्याचं ठीक होतं. घोडं अडलं ते पुढे. डिजिटल ग्रंथालय झालं तरी ते ग्रंथालय आहे, तेव्हा नियम हवेतच, असं सरांचं ठाम मत पडलं. त्यांनी एक फॉर्म तयार केला. फाइल हवी असणाऱ्यानं अर्ज करायचा, फोटो लावायचा, आपल्या संस्थेच्या प्रमुखाची सही आणायची. एका वेळी एक फाइल एकालाच. मुदत सात दिवस. मुदत संपली की फाइल "परत केली" असं कळवायचं, मगच ती दुसऱ्याला द्यायची.

चौदा महिन्यांत पाच अर्ज आले. त्यातले दोन सरांचेच होते, फॉर्म चालतो की नाही ते बघायला. एक फोटो तिरका होता म्हणून फेटाळला. एका गृहस्थांनी सात दिवसांत फाइल परत केली नाही म्हणून सरांनी त्यांना स्मरणपत्र धाडलं. "ती तुमच्याकडेच आहे की," असं उत्तर आलं. सर ते उत्तर घेऊन संगणक विभागातल्या मॅडमकडे गेले. या मॅडम वयानं त्यांच्या निम्म्या, बोलायला चटपटीत.

"सर, एक विचारू? त्यांनी फाइल नेली म्हणून आपली कमी झाली का?"

"नाही."

"मग परत काय करायची?"

सरांनी हातातलं उत्तर पुन्हा एकदा वाचलं.

"आपल्या प्राध्यापकांचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला, आठवतं? तो आपल्यालाच उघडेना. इतके डॉलर भरा म्हणत होता. तुम्ही आठवडाभर त्या लोकांना शिव्या घालत होतात. म्हणालात, आमचंच ज्ञान आणि आमच्याच तोंडावर दार."

"म्हणालो होतो."

"त्यांनी निदान फोटो तरी मागितला नव्हता, सर."

शिक्का सर परत तिसऱ्या खोलीत येऊन बसले. चौदा महिने आपण नाकानं कांदे सोलत होतो आणि वर त्याला शिस्त म्हणत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन फॉर्म काढून टाकायला सांगितला. तीनशे चाळीस प्रबंध उघडे झाले. पहिल्या महिन्यात सहाशेच्या वर लोकांनी काही ना काही उतरवून घेतलं. सर रोज सकाळी तो आकडा बघत आणि "माझ्याशिवाय किती छान चाललंय" म्हणत, आणि मनातून खरोखर खूष होत.

दुसऱ्या महिन्यात पत्र आलं. लांबच्या एका देशातल्या खेड्यात आरोग्य केंद्र चालवणाऱ्या एका नर्सचं. भाषा प्रबंधाचीच, म्हणजे इंग्रजी; ती तिला परकी आणि सरांनाही परकी, त्यामुळे वाक्यं छोटी आणि सरळ होती. तिच्या गावातल्या लहान मुलांचे दात तपकिरी पडत होते आणि मोठ्यांचे गुडघे वाकत नव्हते. दोष पाण्यातल्या फ्लोराइडचा होता. गावची विहीर तीन आठवड्यांत आटेल, मग पाऊस येईपर्यंत सगळं गाव बोअरचं पाणी पिणार, आणि बोअरच्या पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम फ्लोराइड होतं. महागडं यंत्र घेणं शक्य नव्हतं. यावर लेख पुष्कळ आहेत, तिनं लिहिलं होतं, पण सगळे पैसे भरायला कार्ड मागतात आणि आमच्या केंद्राकडे कार्ड नाही. तुमच्याकडचा हा प्रबंध उघडला. त्यात भाजलेल्या विटांच्या तुकड्यांतून पाणी गाळायची रीत आहे. आमच्याकडे वीटभट्टी आहे. मडकी आहेत. सगळं समजलं. फक्त पान सदतीस, तक्ता चार, शेवटचा रकाना. पाणी किती तास ठेवायचं ते आकडे तिथं आहेत, पण त्यांच्यावर मोठा डाग आहे. कृपा करून डाग नसलेलं पान पाठवा.

शिक्का सरांना प्रबंधाचं नाव बघायचीसुद्धा गरज नव्हती. त्यांनी पत्र छापून घेतलं, चार घड्या करून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

बायको शाळेच्या वह्या तपासत बसली होती.

"अगं, तुझ्या प्रबंधाला पत्र आलंय."

"कशाला?"

"प्रबंधाला. म्हणजे आलंय मला, पण विचारलंय त्याला."

तिनं लाल पेन खाली ठेवलं. पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हिनं खरंच वाचलाय," ती म्हणाली. "वरवर नाही हं, तिसरं प्रकरण नीट वाचलंय. बघा ना, वीट किती भाजलेली हवी ते विचारतच नाही. म्हणजे ते तिला कळलंय." तिचा चेहरा असा उजळलेला सरांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तो आनंद आपल्यामुळे आलेला नाही आणि आता आपल्यामुळेच जाणार आहे, हे दोन्ही त्यांना एकदम कळलं.

"मग पाठवा की आकडे लगेच. तीनच आठवडे आहेत."

"आकडे शिक्क्याखाली आहेत."

"ते मला सांगताय? माझ्या वहीतून उतरवून पाठवा. माळ्यावर खोक्यात आहेत प्रयोगाच्या वह्या."

अकरा वर्षांपूर्वी या घरात राहायला येताना सामान त्यांनी बांधलं होतं. ग्रंथालयात एक नियम असतो, दहा वर्षं जे कोणी उघडलं नाही ते काढून टाकायचं. तो त्यांनी घरालाही लावला होता. रीतसर यादी केली होती, खाली सहीसुद्धा केली होती. "जुने कागद काढतोय गं," असं ओरडून सांगितलं होतं आणि तिनं स्वयंपाकघरातून "बरं" म्हटलं होतं. प्रबंधाची तिची स्वतःची प्रतही त्याच खोक्यात होती, विद्यापीठातली प्रत छप्पर गळून भिजून गेली होती, आणि मार्गदर्शकांची प्रत त्यांच्या पश्चात कुठे गेली ते त्यांच्या मुलांनाही माहीत नव्हतं.

"त्याचं काय झालं," सर सवयीनं सुरू झाले, "या घरात एक काटछाट समिती होती, आणि तिचा अध्यक्ष एक नंबरचा गाढव—"

"थांबा. हसवू नका. वह्या आहेत की नाहीत?"

"नाहीत."

तिनं समोरची वही मिटली.

"तो शिक्क्याचा किस्सा तुम्ही किती वेळा सांगितलाय हो? माझ्या भावाच्या लग्नात सांगितलात. माझ्या शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून आलात तेव्हा सांगितलात. दरवेळी तुम्ही स्वतःला गाढव म्हणता, लोक हसतात, आणि मीही हसते. हसले नाही तर मीच खडूस ठरते ना. जो माणूस आधीच स्वतःचे कान धरून उभा आहे, त्याला 'माफी माग' असं कोण म्हणणार? आणि तुम्हाला तरी कशाला सुचेल?"

सरांनी तोंड उघडलं. जिभेवर आला तो विनोदच. त्यांनी तोंड मिटलं. आपल्याला दुसरं काही बोलताच येत नाही की काय, अशी त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा अर्धी होती. ती दुपारी ग्रंथालयात आली, लग्नानंतर प्रथमच. तिसऱ्या खोलीत जाऊन तिनं स्वतःच कपाटातून आपला प्रबंध काढला. मागची कोरी पट्टी बघितली आणि सदतिसावं पान उघडलं. शिक्का चांगला रुपयाएवढा, दोनदा मारल्यानं एकावर एक चढलेला, शाई तेलकट होऊन पसरलेली. संगणकवाल्या मॅडम धावत आल्या. त्यांनी पानाचे निरनिराळ्या उजेडात फोटो काढले, संगणकावर रंग कमी केले, जास्त केले, उलटे केले.

"ताई, टायपिंग काळं असतं तर जमलं असतं," त्या म्हणाल्या. "पण फीतही जांभळी आणि शाईही जांभळी. संगणक बिचारा काय वेगळं करणार?"

"आमच्या टायपिस्टकडे तेव्हा तीच फीत होती," बायको म्हणाली. मग एकदम थांबली. "आणि हात असा जड होता त्याचा! पूर्णविराम दिला की कागदाला भोक पडायचं."

तिनं पान उलटलं. मागची कोरी बाजू. तिच्यावरून तिनं बोटाचं टोक फिरवलं, हळूहळू, डोळे मिटून. "आहेत," ती म्हणाली. "अहो, इथं आहेत."

तिघांनी टेबल ओढून खिडकीशी नेलं. तिरप्या उन्हात कागदाच्या पाठीवर उठलेले आकडे दिसत होते, उलटे. मॅडमनी पर्समधला आरसा काढला. बायको बोटानं चाचपायची, आरशात बघायची आणि सांगायची. शिक्का सर लिहून घ्यायचे. पाच. सात. दहा. चौथ्या ओळीला ती अडखळली. पाचवी बावीस, सहावी तीस. पुन्हा चौथीवर आली.

"एक आहे पुढे. मागचा आकडा तीन किंवा आठ. दुसऱ्या शिक्क्याची कड नेमकी इथं दाबलीय, कागदच चेपलाय. तेरा असेल नाहीतर अठरा."

"चौथी ओळ कशाची?" मॅडमनी विचारलं.

"लिटरमागे पाच मिलिग्रॅमची."

नर्सच्या बोअरचं पाणी पाचचंच होतं.

"अठरा लिहून टाकू," सर म्हणाले. "जास्त ठेवलं तर बिघडतंय कुठे?"

"आणि खरा आकडा तेरा असेल, तर गाव पाच तास उगाच तहानलेलं बसेल. मग कंटाळून तसंच पितील. अंदाज लिहायचा नाही. मोजून लिहायचं."

तिनं शाळेत चार दिवसांची सलग रजा टाकली, नोकरीत पहिल्यांदाच. शिक्का सरांनीही टाकली. आपल्यावाचून ग्रंथालय बंद पडेल अशी त्यांना आशा होती. तसं काही झालं नाही. विटा आणल्या त्यांनी, फोडायला बसले तेही तेच. पहिल्या तासात त्यांच्या हातून निम्म्या विटांचा भुगा झाला आणि राहिलेल्यांचे अर्धे तुकडे पेपरवेट म्हणून वापरता आले असते.

"केवढे हवेत?" त्यांनी विचारलं.

"पान एकोणतीस," ती आतून म्हणाली.

त्यांनी हात धुतले आणि प्रबंध मांडीवर घेतला. एकोणतीस शोधता शोधता मागे गेले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. कुठल्या विहिरीचं पाणी आणलं, पायी किती चालावं लागलं, एका म्हातारीनं आपल्या वाकड्या बोटांनी घागर भरून दिली, सगळं होतं त्यात. लिहिणं साधं, नेटकं, कुठे पाल्हाळ नाही. या बाईनं मला इतकी वर्षं कसं सहन केलं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि या वेळी त्यातलं काही विनोदी वाटेना. तुकडे बोराएवढे हवे होते. त्यांनी उरलेल्या विटा बोराएवढ्या फोडल्या.

शाळेच्या प्रयोगशाळेतून तिनं पाण्याची तपासणी करायची पेटी आणली आणि बरोबर पाच मिलिग्रॅमचं पाणी तयार केलं. संध्याकाळी पाचला मडकी भरायची. सकाळी सहाला तेरा तास होत, अकराला अठरा. तीन दिवस, तीन मडकी. तेरा तासांचं पाणी तिन्ही दिवस नापास झालं. अठरा तासांचं तिन्ही दिवस पास झालं. शेवटच्या दिवशी अकरा वाजता नळीतला रंग बघून ती नुसतीच खुर्चीत बसली. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी विचारलं, "लिहू का आता अठरा?"

"लिहा. आणि खाली लिहा, पुन्हा मोजून खात्री केली."

तक्ता नव्यानं टाइप झाला. मॅडमनी तो फाइलमध्ये सदतिसाव्या पानासमोर जोडला आणि नर्सला पाठवला. तो जोडताना सरांचा हात एकदा नुसताच शाईच्या पॅडकडे गेला. "सर," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी हात मागे घेतला. चार दिवसांनी उत्तर आलं. मिळालं. विहिरीत अजून दहा दिवसांचं पाणी आहे. आम्ही विटा फोडायला बसलो आहोत. तक्ता करणाऱ्या बाईंना सांगा. बायकोनं ते उत्तर छापून घेतलं आणि आपल्या कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं. कुठे ठेवलं ते सरांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात शिक्का सर निवृत्त झाले. सभागृहात निरोपाचा कार्यक्रम. प्राचार्यांनी, दोन प्राध्यापकांनी आणि झाडूवाल्या मावशींनी भाषणं केली. मावशींचं सगळ्यात बरं झालं. सर बोलायला उभे राहिले, तशा मागून हाका सुरू झाल्या. "शिक्क्याचा किस्सा! सर, शिक्क्याचा किस्सा!" तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. हसायची वेळ येईल म्हणून तिनं चेहरा आधीच तयार करून ठेवला होता. तो चेहरा सरांनी वरून पाहिला. इतकी वर्षं समोर असून पाहिला नव्हता.

"किस्सा तुम्हाला पाठ आहे," ते म्हणाले. "पण शिक्क्याखाली काय होतं, ते मी कधी सांगितलं नाही. कारण मला माहीतच नव्हतं. मी तो प्रबंध वाचलाच नव्हता."

लोक सवयीनं हसले. सर हसू थांबेपर्यंत थांबले.

"यात हसण्यासारखं नाही. एका मुलीनं दोन वर्षं उन्हातान्हात पायपीट करून काही आकडे काढले होते. ती 'थांबा' म्हणत असताना मी त्यावर शिक्का मारला. दोनदा मारला. मग सत्तावीस वर्षं त्याच्यावर तुमच्याकडून टाळ्या घेतल्या. तिची माफी मागायची तेवढी राहिली. ती आज मागतो. माझं चुकलं."

सभागृहात कोणाला काय करावं कळेना. सरांनी खिशातून नव्या तक्त्याचा चार घड्यांचा कागद काढला.

"तक्ता चार," ते वाचायला लागले. "दोनला पाच. तीनला सात. चारला दहा. पाचला अठरा—"

"एकक सांगा!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती उभी राहिली होती. सातवीच्या वर्गात लागतो तो तिचा आवाज होता, आणि डोळे भरून आले होते. "नुसते आकडे काय वाचताय? दोन काय, पाच काय? कोणाला कळणार आहे का?"

"चुकलं," शिक्का सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. "पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर पाच तास. तीन मिलिग्रॅम असेल, तर सात तास."

सहावी ओळ संपेपर्यंत ती उभीच होती.